घरांतील यंत्रें : चिप लिहिणाऱ्या यंत्राचे रुसवे

संगणक मुका होणें ही आतां सुशिक्षित कुटुंबांतून नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. बटण दाबावें, पंखा घरघरावा, दिवा लागावा, पण पडद्यावर एक अक्षरही उमटूं नये, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. अशा वेळीं दोष कित्येकदां मदरबोर्डावरील आठ पायांच्या एका लहानशा चिपेंत असतो. संगणक जागा होतांच त्यानें प्रथम काय करावें, याचे आरंभींचे पाठ या चिपेंत लिहिलेले असतात. त्यांस बायॉस म्हणतात. ते पाठ बिघडले म्हणजे बाकीचें सर्व यंत्र निर्दोष असूनही निरुपयोगी होतें. हे पाठ वाचणारा व पुन्हां लिहिणारा यू.एस.बी. प्रोग्रामर हल्लीं कांहीं शें रुपयांत मिळतो. त्यामुळें हौशी विद्यार्थी तो घरीं आणतात, आणि मग ‘चिप सांपडत नाहीं’, ‘पडताळा जुळत नाहीं’, अशा तक्रारी सुरू होतात. या तक्रारींचा उलगडा कोणत्या क्रमानें करावा, तें या महिन्यांत सांगावयाचें आहे.

निमित्त एका भगिनींच्या पत्राचें आहे. त्यांचें कुटुंब मोठें, तीन बिऱ्हाडें एकत्र नांदणारीं. त्यांच्या कैलासवासी मामंजींनीं चार वर्षें खपून कुलवृत्तांताचीं टिपणें घरच्या लॅपटॉपवर लिहून ठेविलीं. त्यांची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. बायॉसची नवी आवृत्ति भरली जात असतां वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जीर्ण झालेली, म्हणून तोही तत्क्षणीं बंद पडला, आणि तेव्हांपासून पडदा काळा. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्यानें प्रोग्रामर आणला. परंतु दहांतून आठ वेळां सॉफ्टवेअर ‘चिप सांपडत नाहीं’ म्हणतें. एकदां तर त्यानें चिप कोरी असल्याचाच निर्वाळा दिला. पुतण्याचें मत, चिप पुसून उत्पादकाची फाइल भरावी. थोरल्या दिरांचें मत, लॅपटॉप भंगारांत द्यावा. भगिनींचा प्रश्न मात्र एकच : ‘पुसलें तर मामंजींचें लेखन जाईल काय?’

प्रश्न लहान असला तरी त्यांत सर्व विषय आला आहे. प्रथम हें ध्यानीं धरावें कीं, आपलें लेखन, छायाचित्रें व हिशेब हे डिस्कवर असतात. बायॉसच्या चिपेंत नसतात. दोन्ही वस्तु निराळ्या आहेत. चिप बिघडल्यानें डिस्कवरील अक्षरही जात नाहीं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर बहुधा सर्व कांहीं जसेंच्या तसें सांपडतें. म्हणून भंगाराची भाषा आधीं थांबवावी.

परंतु येथें एक ‘परंतु’ आहे. विंडोज असलेल्या पुष्कळ अलीकडील लॅपटॉपांत बिटलॉकर नांवाचें कुलूप डिस्कला लागलेलें असतें, आणि तें लागल्याचें मालकासही ठाऊक नसतें. त्या कुलपाची किल्ली संगणकांतील टी.पी.एम. नामक तिजोरींत असते. कित्येक यंत्रांत ही तिजोरी स्वतंत्र चिप नसून बायॉसच्याच व्यवस्थेंत अंतर्भूत असते, आणि तिला लागणारी कांहीं गुप्त सामग्री त्या आठ पायांच्या चिपेंतच राहते. अशा यंत्राची चिप जुनी प्रत न ठेवतां पुसली, तर कुलूप उघडण्यास केवळ ४८ अंकांची पुनःप्राप्तीची किल्ली उपयोगी पडते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते. मामंजींचें खातें कोणतें, त्याचा परवलीचा शब्द कोणापाशीं आहे, हें शोधणें ही पहिली पायरी. प्रोग्रामर ही दुसरी. भगिनींस उत्तर असें कीं, पुसल्यानें लेखन पुसलें जात नाहीं, पण त्याच्या कुलपाची किल्ली हरवण्याचा संभव आहे. यास्तव चिपेची खात्रीची प्रत हातीं येईपर्यंत पुसण्याच्या बटणास कोणीं स्पर्श करूं नये.

आतां ही चिप आंतून कशी आहे, तें थोडक्यांत पाहूं. हिला फ्लॅश स्मृति म्हणतात. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं ही युक्ति १९८४ सालीं जगापुढें मांडली. एका झटक्यांत मोठा भाग पुसला जातो, हें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला, आणि त्यावरून हें नांव पडलें. हिचा धर्म विलक्षण आहे. पुसणें म्हणजे सर्व अंक १ करणें. लिहिणें म्हणजे हवे तेथें १ चा ० करणें. ० चा पुन्हां १ करावयाचा तर तो सबंध भाग पुसावा लागतो. पुसण्याचा लहानांत लहान भाग बहुधा ४०९६ बाइटांचा असतो, तर एका वेळीं लिहितां येणारें पान २५६ बाइटांचें. न पुसतां वरून लिहिलें, तर जुन्या व नव्या लेखनांत जेथें जेथें दोन्हीकडे १ असेल तेथेंच १ राहतो, व बाकी सर्वत्र ०. म्हणजे नवा पाठही नाहीं आणि जुनाही नाहीं, असा संकर होतो.

बाजारांत सर्वांत स्वस्त व सर्वांत प्रचलित जो प्रोग्रामर आहे, त्याचें हृदय म्हणजे सी.एच. ३४१ ए नांवाची चिनी बनावटीची चिप. पाटी बहुधा काळी, तिच्यावर दांडी असलेली खोबण, आणि बाजूस तीन कांट्यांवर बसणारी लहान टोपी. टोपी एका जागीं असली तर यंत्र प्रोग्रामर होतें, दुसऱ्या जागीं असली तर साधा सीरियल दुवा होतें. संगणकास यंत्रानें आपली ओळख दिली कीं तींत पहिल्या स्थितींत ५५१२ व दुसऱ्या स्थितींत ५५२३ हा क्रमांक दिसतो. सॉफ्टवेअर ‘प्रोग्रामर जोडलेला नाहीं’ म्हणालें, तर चिपेकडे न पाहतां प्रथम हा क्रमांक पाहावा. ५५२३ दिसल्यास दोष टोपीचा आहे, दुसऱ्या कशाचाही नाहीं.

क्रमांक बरोबर असूनही यंत्र दिसत नसेल, तर ड्रायव्हर पाहावा. येथें विंडोजवर एक सवतीमत्सर आढळतो. चिपकर्त्याच्या ड्रायव्हरवर चालणारीं सॉफ्टवेअरें निराळीं, आणि फ्लॅशरॉमसारखीं दुसऱ्या ड्रायव्हरवर चालणारीं निराळीं. झॅडिग नांवाच्या साधनानें एकासाठीं ड्रायव्हर बदलला कीं, दुसऱ्यास तें यंत्र दिसेनासें होतें; आणि काल चालणारें आज कां चालत नाहीं, म्हणून माणूस चिपेवर रागावतो. लिनक्सवर हा तंटा नाहीं. तेथें बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. प्रशासकाच्या अधिकारानें आज्ञा चालविली व यंत्र सांपडलें, तर दोष अधिकाराचा होता असें समजावें.

यापुढें चिपेची ओळख. प्रोग्रामर चिपेस ‘तूं कोण?’ असें विचारतो, तेव्हां ती तीन आंकडे सांगते. उदाहरणार्थ, विनबाँडची ८ मेगाबाइटांची एक प्रसिद्ध चिप ‘ईएफ् ४० १७’ असें उत्तर देते. पहिला आंकडा कुलाचा, म्हणजे उत्पादकाचा, दुसरा जातीचा, तिसरा सामर्थ्याचा. १७ हा षोडशमान पद्धतीचा आंकडा, दशमानांत तो २३. दोनाचा २३ वा घात ८३,८८,६०८ होतो, आणि तेवढेच बाइट त्या चिपेंत मावतात. १८ आला तर दुप्पट, म्हणजे १६ मेगाबाइट. हें गणित शाळकरी मुलास घालण्याजोगें आहे. चिपेच्या पाठीवरील अक्षरांशीं हें उत्तर जुळलें, तर संवाद सुरू झाला.

उत्तरीं ‘एफ्एफ् एफ्एफ् एफ्एफ्’ किंवा ‘०० ०० ००’ आलें, तर तें उत्तर नव्हेच; ती रिकाम्या तारेची अवस्था होय. आणि येथेंच सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा चकवा आहे. कोऱ्या चिपेंत सर्वत्र ‘एफ्एफ्’ असतें, हें वर आलेंच. तार सुटलेली असली तरीही सर्वत्र ‘एफ्एफ्’च दिसतें. कांहीं सॉफ्टवेअरें ओळख न पटवितां सरळ वाचूं लागतात, आणि चिप जोडलेली नसतांही ‘चिप कोरी आहे’ असें आनंदानें सांगतात. न्यायशास्त्रांत ज्याला हेत्वाभास म्हणतात, त्याचें याहून चांगलें उदाहरण मला शिकवितांना मिळालें नसतें. ओळख बरोबर व मजकूर कोरा, तरच चिप कोरी. ओळखही ‘एफ्एफ्’ आणि मजकूरही ‘एफ्एफ्’, तर चिपेचा आणि यंत्राचा संबंधच जडलेला नाहीं. भगिनींच्या पत्रांतील ‘कोरी’ हा निर्वाळा या दुसऱ्या प्रकारचा असण्याचा संभव फार आहे.

संबंध कां जडत नाहीं, याचीं कारणें क्रमानें तपासावीं. चिपेवर एका कोपऱ्यास ठिपका असतो, तो पहिला पाय. क्लिपेची तांबडी तार त्या पायावर यावी. खोबणींतही २५ मालिकेच्या चिपांची जागा निराळी व २४ मालिकेच्या चिपांची निराळी असते. त्यांची अदलाबदल होऊं देऊं नये. चिपेच्या पायांवर कधीं कधीं संरक्षक लेपाचा पातळ थर असतो, तो हळूच पुसावा. यू.एस.बी.ची लांब जोडतार टाळावी. क्लिप लावण्यापूर्वीं लॅपटॉपची मुख्य बॅटरी व घड्याळाची लहान बॅटरी दोन्ही सोडवाव्या, आणि चार्जर तर जोडूंच नये.

हें सर्व करूनही ओळख कधीं पटते, कधीं पटत नाहीं, तर चिप मदरबोर्डावरच असण्याचा हा परिणाम समजावा. क्लिपेनें चिपेस दिलेली वीज त्याच वाटेनें सबंध मदरबोर्डांत झिरपते. प्रोग्रामरची शक्ति थोडी, आणि दाब उतरतो. शिवाय बोर्डावरील दुसरें यंत्र अर्धवट जागें होऊन त्याच तारांवर बोलूं लागतें. अशा वेळीं झारकामांत मुरलेल्या कारागिराकडून चिप उतरवून घ्यावी व खोबणींत बसवून वाचावी. उतरविल्यावर दहांतून दहा वेळां ओळख पटली, तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही सिद्ध झाले : बोर्ड असतां दोष, बोर्ड नसतां दोष नाहीं.

आतां विजेच्या दाबाविषयीं, कारण येथें चूक झाली तर चिपेसच इजा होते. नेहमींच्या चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. काळ्या पाटीच्या पुष्कळ प्रतींत चिपेस वीज ३.३ व्होल्टचीच मिळते, परंतु सी.एच. ३४१ ए हा स्वतः ५ व्होल्टवर चालविलेला असल्यामुळें माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. हा दोष मूळ चिपेचा नसून पाटीच्या मांडणीचा आहे. कित्येक चिपा तो सोसतात, पण त्यांच्या उत्पादकांनीं आखून दिलेली मर्यादा त्यानें ओलांडली जाते. मल्टिमीटरनें सी.एच. ३४१ ए च्या २८ व्या पायावरील दाब मोजावा. तेथें ५ आला, तर दुसरी, दाब निवडण्याची सोय असलेली पाटी घ्यावी; किंवा जाणकाराकडून २८ वा पाय ५ व्होल्टपासून तोडून तो व ९ वा पाय ३.३ व्होल्टशीं जोडून घ्यावा. जुना जोड न तोडतां नुसती नवी तार लावणें हा मात्र अनर्थ होय.

अलीकडील लॅपटॉपांत १.८ व्होल्टच्या चिपाही असतात, आणि त्यांचीं नांवें फसवीं असतात. विनबाँडच्या ६४ एफ्‌व्ही व ६४ एफ्‌डब्ल्यू या जोडींत फरक एका अक्षराचा. पण पहिली ३.३ ची, दुसरी १.८ ची. मॅक्रोनिक्सच्या २५ एल् व २५ यू या जोडींतही तसेंच. १.८ च्या चिपेस मध्यें दाब उतरविणारा अॅडाप्टर लावल्यावांचून हात लावूं नये. म्हणून भिंग घेऊन चिपेवरील नांव वाचावें, वहींत उतरावें आणि मगच क्लिप हातीं घ्यावी.

ओळख पटली कीं वाचन. एकदां वाचून भागत नाहीं. दोनदां वाचावें, प्रत्येक वेळीं क्लिप काढून पुन्हां लावावी, आणि दोन्ही फाइलींची अक्षरशः तुलना करावी. संगणकावर शा-२५६ नांवाचें ठशासारखें मान काढतां येतें. तें दोन्ही फाइलींचें एक आलें, तर पाठ एक. आपल्याकडे वेदपाठकांनीं पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असे निरनिराळे पाठ ठेविले, ते याच हेतूनें. एका पाठांत शिरलेली चूक दुसऱ्यांत उघडी पडावी. शितावरून भाताची परीक्षा करण्याचा स्थालीपुलाकन्याय येथें चालत नाहीं. ऐंशी लाखांहून अधिक शितांपैकीं एक कच्चें राहिलें, तरी संगणक उठत नाहीं. मात्र दोन्ही प्रती ‘एफ्एफ्’नें भरलेल्या असतील, तर त्यांची एकवाक्यता व्यर्थ आहे. इंटेलच्या पुष्कळ यंत्रांत प्रारंभापासून १६ बाइट सोडून पुढें ‘५ए ए५ एफ्० ०एफ्’ हे चार बाइट असतात. ते दिसले, तर खरा मजकूर हातीं आला याची एक चांगली खूण पटली.

सॉफ्टवेअरचे आणखी कांहीं हट्ट सांगतों. फ्लॅशरॉम कधीं कधीं ‘या ओळखीस एकाहून अधिक नांवें जुळतात’ म्हणून थांबतें. तो दोष नव्हे. एकाच ओळखीच्या दोन आवृत्ति निघाल्या असतां तें आपणांस निवड करावयास सांगतें. चिपेवर वाचलेलें नांव त्यास द्यावें. दुसरें, तीन बाइटांचा पत्ता १,६७,७७,२१६ घरांपर्यंतच पोंचतो, म्हणजे १६ मेगाबाइट. चिप ३२ मेगाबाइटांची असून सॉफ्टवेअरला चार बाइटांचा पत्ता देतां येत नसेल, तर पहिला अर्धा भागच दोनदां वाचला जातो. फाइलीचा उत्तरार्ध पूर्वार्धाची हुबेहूब नक्कल निघाला, तर हें कारण ओळखावें. तिसरें, स्वतः आज्ञावली लिहूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं. सी.एच. ३४१ ए प्रत्येक बाइटांतील आठ अंक शेवटाकडून पाठवितो, आणि चिपेस ते आरंभाकडून हवे असतात. पाठवितांना बाइट उलटविला पण घेतांना विसरला, तर ‘ईएफ् ४० १७’ ऐवजीं ‘एफ्७ ०२ ई८’ दिसतें. चिप निर्दोष असते. वाचणारा उलटा वाचीत असतो.

शेवटीं लेखन. उत्पादकाची फाइल पुष्कळदां चिपेहून मोठी असते, कारण तिच्या डोक्यावर प्रस्तावनेचे, उदाहरणार्थ २०४८, बाइट असतात. कित्येकदां ती चिपेच्या एका भागापुरतीच असते. ती आहे तशी भरली, तर सर्व पाठ आपल्या जागेवरून सरकतो. शिवाय आपल्या यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्यांतील पत्ता व विंडोजची किल्ली हीं पुष्कळ यंत्रांत याच चिपेंत असतात. तीं उत्पादकाच्या फाइलींत नसतात, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून घेतलेल्या प्रतींत दुसऱ्याचीं असतात. म्हणून बिघडलेली असली तरी आपली जुनी प्रत अमूल्य. बिघडलेला भागच तेवढा नव्या फाइलींतून घ्यावा, बाकी आपलें आपल्यापाशीं राहूं द्यावें. हें काम जाणत्याकडून करवून घेण्यांत कमीपणा नाहीं.

लेखनानंतरचा पडताळा जुळला नाहीं, तर तो दोनतीनदां करून चुकीचा पत्ता लिहून ठेवावा. चूक दर वेळीं एकाच जागीं येत असेल, तर तो भाग पुसलेला नाहीं किंवा लेखनबंदीनें रक्षिलेला आहे असें समजावें. चिपेंत अशी बंदी घालणारे अंक असतात, आणि ती असतां चिप लिहिण्याची आज्ञा मुकाट्यानें गिळते, तक्रारही करीत नाहीं. सॉफ्टवेअरमधून बंदी काढून पुन्हां पुसावें. चूक दर वेळीं निराळ्या जागीं येत असेल, तर दोष क्लिपेचा, तारेचा किंवा दाबाचा. तेव्हां पुनः पुन्हां लिहीत बसणें व्यर्थ आहे. आधीं जोड सुधारावा.

पत्रकर्त्या भगिनींच्या घरीं या क्रमानें जावें. प्रथम खात्याचा शोध आणि डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून पाहणें. डिस्क उघडी निघाली, तर मामंजींचीं टिपणें त्याच दिवशीं दोन ठिकाणीं उतरून ठेवावीं. मग चिपेचें काय व्हावयाचें तें स्वस्थपणें होवो. कुलूप लागलेलें निघालें, तर चिपेचें नांव, दाब, ओळख व दोन जुळणाऱ्या प्रती, एवढें होईपर्यंत पुतण्यानें धीर धरावा. त्याची बुद्धि योग्य दिशेनेंच चालली आहे, क्रम तेवढा मागचा पुढें झाला आहे. थोरल्या दिरांनीं त्याच्याजवळ वही घेऊन बसावें : एकानें क्लिप धरावी, दुसऱ्यानें पडद्यावरील आंकडे वाचावे, तिसऱ्यानें तारीखवार लिहावे. एकत्र कुटुंबांत हातांची वाण नसते. आणि कोणत्या प्रयत्नांत काय दिसलें, हें लिहिलेलें असलें म्हणजे पुढें ज्या कारागिराकडे जावें लागेल, त्याचें निम्में काम आपण केलेलें असतें.